मिगचा पंख फेव्हिक्विकने का टिकला नाही: प्लॅस्टिकच्या किटसाठी गोंद निवडताना आणि लावताना

आपला प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे समजण्यात माझी काही चूक झाली असेल तर ती आपल्या लक्षात येईल. आपले वडील ओझरच्या एचएएल कारखान्यात मिग-२१ विमानांच्या जुळणीवर होते. २६ सप्टेंबर २०२५ रोजी हे विमान भारतीय हवाई दलातून निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्यासाठी म्हणून आपण १/७२ प्रमाणातले मिग-२१चे प्लॅस्टिकचे किट मागवले आणि घरात असलेल्या फेव्हिक्विकने एका रविवारी ते जोडून टाकले. महिन्याभरात डावा पंख मुळापासून निखळला, शेपटीजवळची फट रंगाखालून उघडी पडली आणि कॉकपिटवरच्या पारदर्शक कॅनॉपीवर आतून पांढुरके धुके जमले. आता दुसरे किट घरी आले आहे आणि सर्वांत मजबूत गोंद कोणता आणि तो नाशिकमध्ये कुठे मिळेल, असे आपण विचारले आहे.

एका नावात उत्तर द्यायचे तर ‘प्लॅस्टिक सिमेंट’ असे लिहून मला थांबता आले असते. पण तेवढ्या माहितीवर आपण दुसरे किट उघडलेत तर कॅनॉपी पुन्हा बिघडेल, आणि या वेळी कदाचित दुरुस्त न होण्याइतकी बिघडेल. गेली २२ वर्षे मी नाशिकमध्ये घरच्या टेबलावर विमाने आणि रणगाडे जोडते आहे, उन्हाळ्याच्या सुट्टीत शेजारच्या मुलांनाही शिकवते. या काळात गोंदाची ताकद कमी पडली म्हणून मॉडेल मोडले, असे मी फार थोड्या वेळा पाहिले. कोणते दोन पृष्ठभाग जोडायचे आहेत आणि त्या सांध्यावर पुढे कसला ताण येणार आहे, हे न पाहता हाताला लागेल तो गोंद उचलला जातो आणि तिथे काम बिघडते. म्हणून ‘सर्वांत मजबूत कोणता’ याऐवजी ‘या सांध्याला कोणता’ हा प्रश्न प्रत्येक सांध्यापाशी विचारायचा आहे. एका किटमध्ये त्याची तीन-चार वेगवेगळी उत्तरे निघतात.

मूळ कारणापासून सुरुवात करते. किटचे बहुतेक सगळे भाग पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे असतात. वितळलेले पॉलिस्टायरीन दाबाने साच्यात भरून हे भाग काढले जातात आणि ज्या चौकटीला ते लटकून येतात तिला आपण स्प्रू म्हणतो. ॲसिटोन, ब्युटाइल ॲसिटेट यांसारख्या द्रावकांत हे प्लॅस्टिक विरघळते आणि प्लॅस्टिक सिमेंट म्हणजे अशाच द्रावकांचे मिश्रण असते. ते लागले की दोन्ही कडांचा अगदी वरचा थर मऊ होतो, एका भागाच्या लांबलचक रेणूसाखळ्या दुसऱ्या भागात शिरतात, द्रावक उडून जाते आणि सांध्यात पॉलिस्टायरीनशिवाय काही उरत नाही. करंजीच्या कडेला दुधाचे बोट फिरवून ती नीट दाबली की तळताना ती उघडत नाही, कारण तिथले दोन पदर एक झालेले असतात. सिमेंटचे काम अगदी तसे आहे. फेव्हिक्विकचे काम पाकिटावर तिकीट चिकटवण्यासारखे आहे. पाकीट वेगळे, तिकीट वेगळे आणि मधला थर वेगळा, त्यामुळे त्या थराची पकड सुटली की दोन्ही पुन्हा सुटे होतात.

फेव्हिक्विक वाईट आहे असे मी म्हणत नाही, माझ्या खणात ते कायम असते. त्याचे रासायनिक नाव सायनोॲक्रिलेट. १९४२ साली अमेरिकेत ईस्टमन कोडॅकमध्ये बंदुकीच्या नेमासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हॅरी कूव्हर यांच्या हाती हे रसायन आले, पण ते ज्याला लागेल त्याला चिकटत असल्यामुळे त्या कामाला निरुपयोगी ठरले आणि गोंद म्हणून विक्रीला यायला १९५८ साल उजाडले. ते असे कशालाही चिकटते याचे कारण पृष्ठभागावरच्या बाष्पात आहे. हवेतल्या ओलाव्याचा एक अदृश्य थर जवळजवळ प्रत्येक वस्तूवर असतो आणि तो लागताच हे द्रव घट्ट होऊ लागते. घट्ट झालेला थर मात्र ठिसूळ असतो. सरळ ओढले तर तो चांगला तग धरतो, पण बाजूने धक्का बसला किंवा सांधा पिळला गेला की तडकतो. विमानाचा पंख म्हणजे मुळाशी धरलेली लांब पट्टी. टोकाला बोटाचा हलका धक्का लागला तरी मुळाशी मोठा पीळ बसतो. वडिलांना दाखवताना, फळीवरून उचलताना, धूळ पुसताना असे धक्के बसत गेले आणि डावा पंख सुटला, असे मला वाटते.

कॅनॉपीवरचे धुके हा याच रसायनाचा दुसरा गुण. फेव्हिक्विक घट्ट होत असताना त्यातून थोडी वाफ निघते. ती जवळच्या पृष्ठभागावर बसते आणि तिथल्या ओलाव्याशी संयोग पावून पांढरी भुकटी होते. कॅनॉपीखाली कोंडलेल्या हवेत ही वाफ बाहेर जाऊ शकत नाही, म्हणून धुके आतून दिसते. श्रावणातल्या दमट हवेत फेव्हिक्विक लवकर घट्ट होते आणि अशा दिवसांत हे धुकेही मला जास्त दिसले आहे.

आता परिस्थितीवर अवलंबून असलेल्या गोष्टी. सिमेंटचे वर जे वर्णन केले ते भाग पॉलिस्टायरीनचा असेल तरच लागू पडते. पुष्कळ किटमध्ये चौकटीच्या टोकाला पीएस, एबीएस, पीई, पीपी अशी अक्षरे कोरलेली असतात, ती आधी पाहावीत. पीएस म्हणजे पॉलिस्टायरीन. एबीएसही सिमेंटने जुळते, पण त्यासाठी मिळणारे वेगळे सिमेंट जास्त भरवशाचे असते. पीई आणि पीपी, म्हणजे पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन, यांना सिमेंट लागत नाही आणि फेव्हिक्विकही नुसते धरत नाही, त्यामुळे असे भाग खाचेत बसवूनच वापरायचे असतात. अक्षरे नसतील तर स्प्रूचा एक तुकडा कापून वाटीभर पाण्यात टाकावा आणि पाण्यात साबणाचा एक थेंब घालून तुकड्यावरचे बुडबुडे बोटाने काढावेत. पॉलिथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे तरंगतात, पॉलिस्टायरीन बुडते. बुडालेल्या तुकड्याला कोरडे करून सिमेंटचा थेंब लावला आणि काही सेकंदांनी त्यावर नख दाबून ते चिकट लागले, तर आपले काम सिमेंटने होणार हे नक्की.

दुसरी अट पृष्ठभागाची. रंगावर सिमेंट लावले तर ते रंग विरघळवते आणि प्लॅस्टिकपर्यंत नीट पोहोचतच नाही. तुमची शेपटीजवळची फट उघडली, तिथे सांध्यावर आधी रंगाचा किंवा प्रायमरचा फवारा गेला होता का, हे आठवून पाहा. गेला असेल तर आता जोडायच्या कडांवरचा रंग ब्लेडने खरवडून काढावा. चकचकीत क्रोम मुलामा असलेल्या भागांनाही हाच नियम. साच्यातून भाग सुटावेत म्हणून लावलेल्या तेलकट पदार्थाचा अंश किटवर उरलेला असू शकतो, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी सगळ्या चौकटी भांड्यांच्या साबणाच्या कोमट पाण्यात बुडवून, जुन्या मऊ टूथब्रशने हलक्या हाताने घासून, रात्रभर वाळवाव्यात. पाणी उकळते घेऊ नये, पॉलिस्टायरीन वाकते.

सिमेंट साधारण दोन प्रकारांत मिळते, जाड आणि पातळ. जाड सिमेंटमध्ये थोडे पॉलिस्टायरीन आधीच विरघळवलेले असते, त्यामुळे ते मधासारखे थांबते आणि भाग जागेवर सरकवायला वेळ देते. रेव्हेलच्या काँटॅक्टाला धातूची बारीक सुई असते, तिने थेंब नेमक्या जागी ठेवता येतो. पातळ सिमेंट पाण्यासारखे वाहते. टामियाची हिरव्या झाकणाची ४० मिलीची बाटली हे त्याचे सर्वांत ओळखीचे रूप, तिच्या झाकणालाच बारीक कुंचला असतो. पातळ मिश्रणात ॲसिटोन आणि ब्युटाइल ॲसिटेट असतात आणि त्यामागचे कारण समजले की वापर समजतो. ॲसिटोन ५६ अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ते चटकन चावते आणि चटकन उडते. ब्युटाइल ॲसिटेटचा उत्कलनबिंदू १२६ अंश आहे, ते सांध्यात रेंगाळते आणि सुरुवातीच्या चाव्याला मुरायला अवधी देते. लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून मिळणाऱ्या लिमोनीनचे सिमेंटही मिळते. त्याचा वास सुखद असतो आणि ते सावकाश वाळते. मुलांसोबत बसायचे असेल तर मी तेच काढते, पण उघड्या खिडकीचा नियम तेव्हाही बदलत नाही.

आपल्या किटसाठी मी एक पातळ आणि एक जाड अशा दोन बाटल्या सुचवीन. त्यांतली एकच परवडत असेल तर पातळ घ्यावी.

लावण्याची पद्धत मात्र मी सविस्तर सांगणार आहे, कारण माझ्या मते निवडीपेक्षा इथे जास्त चुका होतात. मिगच्या धडाचे दोन भाग घ्या, डावा आणि उजवा. आधी सिमेंटला हात न लावता ते एकत्र धरून प्रकाशाकडे पाहा. जिथे उजेडाची रेघ दिसते तिथे कडेवर स्प्रूचा बारीक कोंभ किंवा साच्याचा उंचवटा राहिलेला असतो. तो ब्लेडने किंवा ४०० नंबरच्या वॉटर पेपरने, म्हणजे ओला करून वापरायच्या घासकागदाने, सपाट करा आणि पुन्हा जुळवून पाहा. रेघ नाहीशी होईपर्यंत हे करायचे. कधी यात अर्धा तास जातो, पण पुढे पुट्टी लावण्याचे दोन तास त्याने वाचतात. मग दोन्ही अर्धे एकत्र धरून नाकाशी आणि शेपटीशी मास्किंग टेपची एकेक छोटी पट्टी आडवी लावा. टेप सांध्यावर शक्य तितकी कमी यावी आणि जिथे येते तिथे सिमेंट अजिबात जाऊ देऊ नये.

आता कुंचला बाटलीतून काढताना तिच्या तोंडाच्या कडेवर दोन्ही बाजूंनी पुसा, इतका की त्याच्या टोकाला थेंब लोंबणार नाही. हे टोक दोन टेपांच्या मधोमध सांध्याला नुसते टेकवा. रंग लावतो तसा कुंचला ओढायचा नाही. केशाकर्षणाने, म्हणजे दिव्याच्या वातीत तेल चढते त्याच कारणाने, सिमेंट फटीत ओढले जाते आणि दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत एक ओलसर रेघ धावत गेलेली दिसते. ती थांबली की तिच्या शेवटी पुन्हा टेकवा. असे तीन-चार सेंटिमीटर झाले की दोन्ही बाजूंनी बोटांनी हलका, एकसारखा दाब द्या. सांध्यातून मऊ प्लॅस्टिकचा केसासारखा उंचवटा वर येतो. तो दिसला की दोन्ही कडा पूर्ण मिसळल्याची खात्री होते. तो उंचवटा पुसू नका, हातही लावू नका. एक भाग धरला की पुढच्या भागाकडे जा, आणि संपूर्ण सांधा झाला की टेपांच्या जागा सर्वांत शेवटी, टेप काढल्यानंतर, तशाच पूर्ण करा.

सिमेंट फटीत धावते तसेच ते बोटाखालच्या फटीतही धावते, हे मला एका चुकीने शिकवले. एक सी हॅरियर जोडताना मी धडाचे दोन्ही अर्धे टेप न लावता नुसते बोटांत धरले होते आणि सांध्यावर कुंचला टेकवला. सिमेंट माझ्या अंगठ्याखाली शिरले, आणि मी बोट उचलले तेव्हा धडावर माझ्या अंगठ्याचा ठसा रेषारेषांसह उमटलेला होता. तो तिथे ताबडतोब घासणे ही मी केलेली दुसरी चूक, कारण मऊ प्लॅस्टिक आणखी पसरले आणि पॅनेलच्या कोरीव रेघा बुजल्या. असे झाले तर हात मागे घ्यावा, दोन दिवस काहीही करू नये, आणि पूर्ण कडक झाल्यावर ६०० आणि मग १००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने ठसा उतरवावा. बहुतेक वेळा तो पूर्ण जातो.

वाळण्याच्या वेळेबद्दल बाटलीवर जे लिहिलेले असते ते भाग सुटणार नाही इतक्यापुरते असते. पातळ सिमेंटचा सांधा मिनिटाभरात धरतो आणि तासाभरात हाताळता येतो, पण आतल्या थरातले द्रावक अजून बाहेर पडत असते. सांध्यावरचा उंचवटा दुसऱ्याच दिवशी घासून सपाट केला आणि लगेच रंगवला, तर राहिलेले द्रावक उडाल्यावर प्लॅस्टिक आकसते आणि आठवड्याभराने रंगाखाली सांध्याची बारीक खोलगट रेघ दिसू लागते. म्हणून निदान २४ तास, आणि लांब सांध्यांना दोन पूर्ण दिवस, मी हात लावत नाही. जाड सिमेंट सढळ लावले असेल तर तीन दिवस.

पंखाकडे येऊ. मिग-२१चा पंख त्रिकोणी आहे आणि समोरून पाहिल्यास किंचित खाली झुकलेला असतो, म्हणून तो सरळ आडवा जोडला की विमान ओळखीचे वाटत नाही. वडिलांच्या डोळ्यांना ते लगेच खटकेल. पंखाच्या मुळाशी असलेल्या जिभेला, आणि धडातल्या खाचेच्या आतल्या कडांना, जाड सिमेंट लावून पंख बसवा. जाड सिमेंट चार-पाच मिनिटे हलू देते, तेवढ्यात सूचनापत्रातले समोरून काढलेले चित्र शेजारी ठेवून दोन्ही पंखांचा झुकाव सारखा करा. दोन पुस्तकांच्या थप्प्या करून त्यांवर धड आणि पंखांची टोके टेकवली की झुकाव हलत नाही. जाड सिमेंटने पकड घेतल्यावर, साधारण अर्ध्या तासाने, मुळाच्या वरच्या आणि खालच्या रेघेवर पातळ सिमेंट टेकवा, म्हणजे उरलेली फटही मिसळून जाईल. असा बसलेला पंख ओढून पाहायचा मोह झाला तर दोन दिवसांनी ओढा. तो सुटायचा नाही.

कॅनॉपीला मात्र सिमेंट अगदी कमी किंवा अजिबात नको. पारदर्शक भागही बहुधा पॉलिस्टायरीनचाच असतो, त्यामुळे सिमेंटचा एक थेंब चुकून मध्यावर गेला तर तिथे कायमचा पांढरा डाग पडतो आणि भाग ताणलेला असेल तर केसासारखे तडे जातात. इथे ताकद लागतच नाही, कॅनॉपीला फक्त जागेवर बसून राहायचे असते. म्हणून मी फेव्हिकॉल एमआर वापरते, शाळेच्या हस्तकलेला लागतो तोच पांढरा. टूथपिकच्या टोकाने कॅनॉपीच्या कडेला अगदी बारीक रेघ ओढा, जागेवर ठेवा, बाहेर आलेला गोंद ओल्या कुंचल्याने टिपून घ्या. रात्रभरात तो पारदर्शक होतो, मनासारखे बसले नाही तर कोमट पाण्याने काढता येते आणि बारीक फटही भरून निघते. आधीच्या किटच्या धुकटलेल्या कॅनॉपीचे म्हणाल, तर ती सोडवून आतून २००० नंबरच्या ओल्या वॉटर पेपरने अगदी हलकेच फिरवा आणि मग मऊ कापडावर साधी पांढरी टूथपेस्ट घेऊन चोळा. धुके वरच्या वर असते, त्यामुळे ते बरेचसे निघते.

मग फेव्हिक्विक कुठे वापरायचे? जिथे एक बाजू पॉलिस्टायरीनची नाही तिथे. पितळेच्या पत्र्यावर कोरलेले सीटबेल्ट, धातूची पिटो नळी (विमानाच्या नाकापुढे आलेली, वेग मोजण्यासाठीची बारीक नळी), रेझिनचे वेगळे विकत घेतलेले आसन, यांना सिमेंटचा काही उपयोग नाही, कारण त्यांतले काहीच विरघळत नाही. नळकांडीतून थेट भागावर थेंब सोडू नका. एका प्लॅस्टिकच्या झाकणावर थेंब काढा आणि सुईच्या टोकाने त्यातला कण उचलून लावा. फेव्हिक्विकचा थर जितका पातळ तितकी पकड चांगली. मोठी फट भरायची असेल तर त्यात खाण्याच्या सोड्याची चिमूट टाकून वरून एक थेंब सोडला की ते क्षणात दगडासारखे होते, पण मग तासाभराच्या आत घासून घ्यावे, नंतर ते प्लॅस्टिकपेक्षा कठीण होते आणि घासताना आजूबाजूचे प्लॅस्टिकच जास्त उतरते.

मिग-२१च्या किटमध्ये नाकात वजन घालायला सांगितलेले असेल तर ते विसरू नका, नाहीतर विमान शेपटीवर बसते. वजन म्हणून लहान नट किंवा बेअरिंगच्या गोळ्या चालतात आणि ते बसवायला दोन नळ्यांचे ॲराल्डाइट योग्य आहे. ते सावकाश घट्ट होते, फट भरते, आणि आत काही हलल्याचा आवाज नंतर येत नाही. धड बंद करण्यापूर्वी ते पूर्ण घट्ट होऊ द्यावे.

नाशिकमध्ये सिमेंट कुठे मिळेल, हेही आपण विचारलेत. मेन रोड किंवा शालिमारच्या स्टेशनरी दुकानांत मला ते आजवर मिळालेले नाही, मी ऑनलाइन मागवते. ज्वालाग्राही द्रव विमानाने पाठवण्यावर निर्बंध असल्यामुळे पार्सलला कधीकधी जास्त दिवस लागतात, म्हणून किट उघडण्यापूर्वीच मागणी नोंदवावी. वाट पाहवत नाही म्हणून लोक जे पर्याय सुचवतात त्यांबद्दल माझे मत स्पष्ट आहे. नुसते ॲसिटोन इतक्या लवकर उडते की सांधा मिसळण्याआधीच कोरडा पडतो आणि जास्त लावले तर पृष्ठभाग विस्कटतो. नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये तेल आणि सुगंध मिसळलेले असू शकतात, ते सांध्यात राहतात. फेव्हिबाँड रबराच्या जातीचा आहे, त्याच्या तारा निघतात आणि सांधा कायम लवचिक राहतो, चपलेला तो गुण आहे पण विमानाच्या पंखाला तो दोष आहे. ॲक्रिलिकच्या पाट्या बनवणारे क्लोरोफॉर्मने जोडतात, म्हणून ते आणा असाही सल्ला दिला जातो. तो कृपया मानू नका. क्लोरोफॉर्मची वाफ घरातल्या खोलीत घेण्याजोगी नाही आणि आपल्याजवळ वडील बसणार आहेत.

हवामानाचा विचार इथे करावाच लागतो. एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात पातळ सिमेंट कुंचल्यावरच उडू लागते, तेव्हा मी सकाळी लवकर बसते आणि सांधा लहान-लहान टप्प्यांत करते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत सगळेच सावकाश वाळते, तेव्हा एक दिवस जास्त धरते. पावसाळ्यात सिमेंटला फारशी अडचण येत नाही, पण फेव्हिक्विकचे सगळे काम मी कॅनॉपी बसवण्याच्या निदान दोन दिवस आधी संपवते, म्हणजे वाफ निघून गेलेली असते. डोक्यावरचा पंखा मंद ठेवावा, कारण जोराच्या वाऱ्यात सिमेंट सांध्यात शिरण्याआधीच उडते. वाफ बाहेर जाण्यासाठी खिडकी उघडी हवी.

एक गोष्ट आग्रहाने सांगते. ॲसिटोनची वाफ उणे २० अंशाच्या आसपासही पेट घेऊ शकते, म्हणजे आपल्याकडच्या कोणत्याही ऋतूत. ती हवेपेक्षा जड असल्यामुळे टेबलावरून खाली उतरून पसरते. पुष्कळ घरांत टेबल आणि देवघर एकाच खोलीत असते, तर निरांजन किंवा उदबत्ती चालू असताना बाटली उघडू नये. बाटली उलटू नये म्हणून मी एका जाड पुठ्ठ्याला तिच्या मापाचे भोक पाडून त्यात ती बसवली आहे. फेव्हिक्विक सांडले तर ते कापसाने किंवा सुती फडक्याने पुसू नका. सुती धाग्यांवर ते इतक्या वेगाने घट्ट होते की चटका बसण्याइतकी उष्णता निघते. बोटे चिकटली तर ओढू नका, कोमट साबणाच्या पाण्यात धरून हळूहळू सोडवा. डोळ्यात उडाले तर भरपूर पाण्याने धुऊन लगेच डॉक्टरांकडे जा.

शेवटी आधीच्या किटबद्दल, कारण ते टाकून देऊ नये असे मला मनापासून वाटते. फेव्हिक्विक थंडीत आणखी ठिसूळ होते, त्यामुळे मॉडेल पिशवीत गुंडाळून रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळी जुने सांधे हलक्या हाताने पिळून पाहा, ते बहुतेक सुटतात. ते ॲसिटोनमध्ये भिजवू नका, गोंदाबरोबर प्लॅस्टिकही विरघळेल. सुटलेल्या कडांवरचा गोंदाचा काचेसारखा थर ब्लेड उभे धरून खरवडून, खालचे कोरे प्लॅस्टिक दिसेपर्यंत काढा. आता या जुन्या धडावर आणि पंखांवर पातळ सिमेंटची सगळी पद्धत एकदा करून पाहा. दोन दिवसांनी सांधा कापून बघा. कापलेल्या जागी मधली रेघ दिसली नाही तर आपला हात बसला, मग नवे किट उघडा. त्यात नाकावरची बारीक पिटो नळी सगळे रंगकाम संपेपर्यंत चौकटीवरच राहू द्या, आणि ती जोडायची वेळ आली की कुंचला वडिलांच्या हाती द्या.